जिंकल्यावर गडी द्यायचा

हिरूच्या दमाविषयी आधी सांगून टाकते, कारण ते ठाऊक नसेल तर पुढचं काहीच खरं वाटायचं नाही. हिरू माझी थोरली बहीण, दोन वर्षांनी मोठी. खोडाळ्यापासून खाली उतरत गेलं की दोन डोंगरांच्या बेचक्यात आमचा पाडा होता, अजूनही आहे, आणि पाण्यासाठी आम्हाला त्याहूनही खाली ओहोळावर जावं लागे. भरलेली कळशी डोक्यावर घेतली की हिरू काठावर उभी राहून एक मोठा श्वास घ्यायची आणि ‘हुतूतूतूतू’ म्हणत चढायला लागायची. मधल्या मोहाच्या झाडापर्यंत तो आवाज तुटायचा नाही. मी अर्धी कळशी घेऊन तिच्या मागं धापा टाकत यायची आणि कान तिच्या आवाजाला लावून ठेवायची, की आता तुटेल, आता तुटेल. खोटं कशाला बोलू, मनातून वाटायचं की एकदा तरी तुटावा. नाही तुटला. मोहाखाली पोचली की कळशी न उतरवता हसायची आणि म्हणायची, “सोने, तू तं म्हातारी झालीस गो!” मी तेव्हा तेरा वर्षांची होते. आता खरंच म्हातारी झाले आहे, जव्हारच्या माझ्या घराच्या सात पायऱ्या चढताना मध्ये थांबते.

आमचं घर म्हणजे कारवीच्या काड्यांच्या भिंती, म्हणजे कूड, त्यांवर शेणामातीचा लेप, आणि आत निम्मं घर माणसांचं, निम्मं बैलांचं. पहाटे सगळ्यांच्या आधी जातं जागं व्हायचं. आय नागली, म्हणजे नाचणी, दळायला बसली की घरघर कुडातून पलीकडं जायची, मग पलीकडच्या घरातलं जातं सुरू व्हायचं, मग त्याच्या पलीकडचं. नागलीची भाकर तव्यावरून उतरली की जो वास सुटायचा, तो मला पुढं कुठल्याच वसतिगृहात मिळाला नाही. सोबत खुरासणीची चटणी, नाहीतर निखाऱ्यावर भाजलेला सुका बोंबील, आणि दुपारी शेतावर अंबील. रोज पोटभर असायचंच असं नाही. पावसाच्या भरात कणगीचा तळ दिसू लागला की आय रानातले कंद आणायची, चिरून वाहत्या पाण्यात ठेवायची आणि कडूपणा गेल्यावर उकडायची. बा कमी बोलायचा. बोलला तर बैलांशी जास्त बोलायचा, आणि आय त्यावरून त्याला टोमणे मारायची. दिवाळी झाली की दाराला काटकी लावून आम्ही सगळे भिवंडीकडं वीटभट्टीवर जायचो, ते थेट होळीला परत. पाड्यातली जवळजवळ सगळीच घरं जायची. ज्या पोरांना आश्रमशाळेत ठेवायचं ती मागं राहायची, आणि ती किती दिवस राहतील ते भट्टीवर किती हात हवेत त्यावर ठरायचं.

भात कापून झालं आणि झोडून झालं की खळं मोकळं व्हायचं. सारवून सारवून तळहातासारखं गुळगुळीत झालेलं ते खळं, तेच आमचं मैदान. मध्ये राखेनं एक रेघ ओढायची, बस्स. बाजूला किती गडी? जितके आले तितके. पोरी, पोरं, लग्न झालेल्या बाया लुगडं खोचून, एकदा तर सात-आठ महिन्यांची गरोदर असलेली आमची काकूही उभी राहिली होती, तेव्हा सगळ्यांनी ठरवलं की तिला नुसतं बोट लावलं की ती बाद, धरायचं नाही. नियम म्हणाल तर असे, त्या त्या संध्याकाळी उगवणारे. पण एक नियम मात्र पक्का होता आणि तो कुणी कुणाला शिकवला असं मला आठवत नाही. पहिला डाव ज्यांनी जिंकला, त्यांनी दुसऱ्या डावाला आपला सगळ्यात चांगला गडी हरलेल्या बाजूला द्यायचा. लावणीत ज्याचं शेत मागं पडलं त्याच्या शेतात बाकीच्यांनी जायचं, तसंच हे. आणि दिलेला गडी तिकडं जाऊन अंग राखून खेळला तर त्याची अशी काही थट्टा व्हायची की बिचारा महिनाभर खळ्यावर फिरकायचा नाही. तिकडचा झाला म्हणजे तिकडचा झाला. हिरूला तर दर संध्याकाळी बाजू सोडावी लागायची. ती ज्यांच्याकडं ते जिंकणार, मग ती पलीकडं, की पलीकडचे जिंकणार. शेवटी कोण जिंकलं हे अंधार पडेस्तोवर कुणालाच सांगता यायचं नाही आणि कुणी विचारायचंही नाही.

आश्रमशाळेत कदम सर आले आणि आम्हाला पहिल्यांदा कळलं की आपण खेळतो त्याला माप असतं. सर सांगलीकडचे, मिशा मोठ्या, आवाज त्याहून मोठा, आणि पायांत कॅनव्हासचे पांढरे बूट. पहिल्याच आठवड्यात त्यांनी टेप आणली आणि शाळेमागच्या पटांगणात फक्कीच्या पांढऱ्याशुभ्र रेषा मारल्या. ते पाहायला आम्ही भिंतीवर चढून बसलो होतो. इतक्या सरळ रेषा मी तोवर जमिनीवर पाहिल्या नव्हत्या. आमची शेतंसुद्धा वाकडी, डोंगर वळेल तशी. सर म्हणाले, “ही रेषा इथून तिथपर्यंत जितकी आहे ना, तितकीच पुण्यात आहे, तितकीच दिल्लीत आहे. बोटभर कमी नाही, बोटभर जास्त नाही.” माझ्या अंगावर काटा आला. रात्री हिरू माझ्या शेजारी पडल्या पडल्या म्हणाली, “म्हंजे दिल्लीची पोर आत्ता आठं आपल्याकडं आली, तं तिला मैदान वळखीचं लागंल?” मी म्हटलं, लागेल.

‘हुतूतू’ मात्र सरांना चालेना. “कबड्डी म्हणायचं, कबड्डी! पंचाला स्पष्ट ऐकू आलं पाहिजे, नाहीतर बाद.” इथं हिरूची पंचाईत झाली. हुतूतू म्हणताना ओठ मिटत नाहीत, दम सरळ वाहत राहतो. कबड्डीच्या ‘ब’ला ओठ मिटतात आणि दम दर वेळी अडखळतो. तुम्ही आत्ता म्हणून बघा, हसू नका. पंधरा दिवस ती ओहोळावरून येताना, पत्रावळी उचलताना, केस विंचरताना कबड्डी-कबड्डी पुटपुटत होती, आणि पोरी तिला वेड लागलं म्हणायच्या. सोळाव्या दिवशी सरांनी घड्याळ धरलं. ती म्हणत राहिली, म्हणत राहिली, सरांनी घड्याळ कानाला लावून पाहिलं की बंद तर नाही पडलं.

एकदा पाऊस लागून राहिला म्हणून सरांनी वर्गात जगाचा नकाशा टांगला आणि ऑलिंपिकची गोष्ट सांगितली. दर चार वर्षांनी सगळं जग एका गावात गोळा होतं, पळतं, पोहतं, उड्या मारतं, आणि जो पहिला येतो त्याच्या देशाचं गाणं वाजतं. आम्ही पोरी तोंडं उघडी टाकून ऐकत होतो. हिरू उभी राहिली. “सर, त्याच्यात कबड्डी हाय?”

“नाही.”

“का नाय?”

सरांनाही ते लागत असावं, कारण उत्तर देताना त्यांचा आवाज खाली आला. “अगं, आपल्याकडं गावोगाव खेळतात, पण नुसतं पुष्कळांनी खेळून भागत नाही. पुष्कळ देशांत खेळायला पाहिजे, एका खंडात नाही, सगळीकडं. सगळीकडं नियम एक, माप एक, शब्द एक. अजून आपल्याच देशात धड एक नाही. कुठं बाद झालेला गडी परत येतो, कुठं येत नाही, कुठं बाद होऊन पण आतच राहतो. मग जगाला काय सांगणार? आणि तिथं जागा मोजकी. एक खेळ आत घ्यायचा तर दुसऱ्यानं थांबायचं. रस्सीखेच माहीत आहे ना? ती होती ऑलिंपिकमध्ये. काढून टाकली.”

“रस्सीखेच!” साऱ्या वर्गानं एकदम म्हटलं. भाताचे भारे बांधायच्या दोरांनी आम्ही जी खेळायचो ती? ती तिथं जाऊन परतही आली? आम्हाला केवढं नवल वाटलं म्हणून सांगू. जणू आमच्यातलंच कुणीतरी न सांगता मुंबई बघून आलं होतं. हिरूनं मात्र धरून ठेवलं. “मंग सर, सगळ्यांनी मिळून एक नियम केला, तं घेतील?”

“घेतील की. का नाही घेणार?” सर म्हणाले, आणि त्यांनी नकाशा गुंडाळला.

पुढं मी शिक्षिका झाले, वर्गात पोरं हाच प्रश्न विचारायची आणि मी हेच उत्तर द्यायची. कबड्डी आशियाई खेळांत गेली तेव्हा मी शाळेत गूळ वाटला. मध्यंतरी खोखोचा विश्वचषक झाला, क्रिकेटला ऑलिंपिकचं पुन्हा बोलावणं आलं, कराटे एकदा आत जाऊन लगेच बाहेर आलं. कबड्डी अजून दाराशीच आहे. आता मला कळतं की त्यात पैसा आहे, दूरचित्रवाणी आहे, ऑलिंपिक कुणाच्या देशात भरतं आणि कुणाच्या ओळखी किती हेही आहे. पण सरांनी सांगितलं ते काही खोटं नव्हतं, आणि त्या दिवशी ते ऐकताना मला राग आला नव्हता. मला वाटलं होतं, बाप रे, एवढं मोठं काहीतरी आहे की ज्यात एक शब्द सगळ्या पृथ्वीनं सारखाच म्हणायचा असतो.

त्या वर्षी हिरूचं नववीचं वर्ष होतं आणि बा तिला दिवाळीनंतर भट्टीवर नेणार हे ठरलेलं होतं. आयचे गुडघे गेले होते, विटा वाहायला हात हवा होता. माझंही तेच होणार होतं, फक्त मी लहान म्हणून माझी चर्चा झाली नव्हती. कदम सर चालत आमच्या पाड्यात आले. आयनं त्यांना भाकर आणि चटणी वाढली, ती त्यांनी घाम पुसत पुसत खाल्ली, खुरासणीची चटणी किती तिखट असते ते त्यांना माहीत नव्हतं. मग म्हणाले, “जव्हारला सामने आहेत. ठाण्याहून बाई येणार आहेत निवड करायला. जिला निवडतील तिला जिल्ह्याच्या ठिकाणी वसतिगृह, जेवण, शाळा, सगळं सरकारी. तुमची हिरू निवडली जाणारच. मी लिहून देतो.”

बानं बैलाच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाला, “निवडली तं न्या. नाय निवडली तं दोघी माझ्याबरोबर.” त्यानं हे रागानं म्हटलं नव्हतं. सर गेल्यावर तो हिरूला म्हणाला, “पोरी, नीट खेळ गो.” एवढंच.

जव्हार तेव्हा माझ्यासाठी लंडनच होतं. एसटी घाट चढून पठारावर आली की हवाच बदलायची, गार, मोकळी. डेपोत एकाच वेळी चार गाड्या उभ्या पाहून मी हिरूचा हात धरला. बाजाराचा दिवस होता. नागली, वाल, सुकट, बांगड्या, आणि भज्यांचा तो वास! सरांनी आम्हा सात जणींना एकेक भजं घेऊन दिलं आणि वरून ओरडले, “जास्त खाल्लंत तर दम लागेल!” मैदानाभोवती बाजारातून आलेली माणसं टोपल्या खाली ठेवून उभी होती. मुलींचे तीन संघ यायचे होते, तिसऱ्याची गाडी वाटेत बंद पडली, म्हणून आमचा आणि जव्हारच्या मुलींचा एकच सामना होणार होता. त्यांच्या अंगात निळे सदरे होते. आमच्या अंगात शाळेचे गणवेश, ते कमरेला नाडीनं बांधलेले. एका खुर्चीवर ठाण्याच्या बाई बसल्या होत्या, ताठ, मांडीवर वही. मी त्यांच्याकडं बघायलाच घाबरत होते. रेषा मात्र सरांनी सांगितल्या तशाच होत्या. आमच्या पटांगणाइतक्याच, बोटभर कमी नाही. ते पाहून मला धीर आला.

पहिल्या डावात हिरूनं काय केलं ते मी आजही नीट सांगू शकत नाही. ती रेषा ओलांडायची तेव्हा तिचा आवाज बारीक असायचा, घोंगावणाऱ्या माशीसारखा, आणि आत शिरली की तो वाढत जायचा. जव्हारच्या पोरी तिला धरायला धावायच्या आणि ती जिथं असायची तिथं नसायचीच. एकदा चौघींनी धरलं, तर चौघींना ओढत मध्यरेषेपर्यंत आली आणि रेषेला बोट लावून तोंडानं अजून कबड्डी-कबड्डी चालूच! बाजारातल्या म्हाताऱ्या ‘आय गो’ म्हणून कपाळाला हात लावत होत्या. निळ्या सदऱ्यांवर दोनदा लोण पडला, म्हणजे दोनदा त्यांचा सगळा संघ बाद झाला. मी कोपऱ्यात उभी होते आणि मला करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मी नुसती बघत होते. ही माझी बहीण आहे, हिच्याच अंगावर पाय टाकून मी रोज झोपते, असं मनात येत होतं आणि रडू फुटत होतं. बाई खुर्चीवरून उठून रेषेपाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या.

मध्यंतराची शिट्टी झाली. सर आमच्याकडं धावत आले, मिठी मारायचंच काय ते बाकी होतं. आणि हिरूनं तोंडावर पाणी मारलं, वेणी घट्ट केली, आणि ती शांतपणे चालत जाऊन जव्हारच्या मुलींमध्ये बसली.

आम्हा सहा जणींना त्यात काहीच वाटलं नाही. हे खरं आहे, हसायचं तर हसा. जिंकलो होतो, गडी दिला, झालं. उलट आता आपलं कसं होणार या काळजीनं आम्ही कोपऱ्यात कोण उभं राहणार ते ठरवू लागलो. सरांनी आम्हाला सगळे नियम शिकवले होते, पण हा करायचा नाही हे कसं शिकवतील? आम्ही तो करतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं. शाळेत रोज जेवणाची घंटा व्हायच्या आत एकच डाव व्हायचा.

“हिरू! अगं ए! तिकडं काय करतेस?” सर ओरडले.

हिरू उठून उभी राहिली. “सर, त्यांचं दोनदा लोण पडलं ना. आता मी त्यांचेकडून.”

सगळं मैदान हसायला लागलं. सरांचा चेहरा पांढरा पडला. पंच म्हणजे जव्हारचेच एक वयस्क गृहस्थ होते, तरुणपणी स्वतः खेळलेले. त्यांनी शिट्टी तोंडातून काढली. “मुली, असं चालत नाही. तुझं नाव त्या यादीत आहे.”

“मंग यादीत लिवा.”

“अगं, पण तू गेलीस तर तुमचे हरतील.”

“मी तठं राहिली तं हे हरतील,” हिरू म्हणाली. ती उद्धटपणानं बोलत नव्हती, तिला खरंच कळत नव्हतं. “हरून ऱ्हायलेत, बसून ऱ्हायलेत. मंग खेळायचं कोणाशी?”

जव्हारच्या संघातली एक मुलगी, तिचं आजोळ आमच्या मोखाड्याच्या बाजूचं असावं, ती मात्र हळूच सरकून हिरूला बसायला जागा करून देत होती. सर हिरूपाशी गेले. त्यांनी हात जोडले, खरंच जोडले, आणि म्हणाले, “पोरी, तुझ्या शाळेचा प्रश्न आहे. परत ये.” हिरूनं माझ्याकडं पाहिलं, निळ्या सदऱ्यांकडं पाहिलं. तिला बाचं बोलणं आठवलं असणार, ती काही वेडी नव्हती. पण जिंकल्यावर त्याच बाजूला बसून राहायचं म्हणजे तिला खळ्यातल्या सगळ्यांसमोर तोंड काळं झाल्यासारखं वाटत असावं. तिनं मान खाली घातली आणि ती तिथून हलली नाही.

शेवटी पंचांनी जव्हारच्या गुरुजींशी बोलून घेतलं आणि जाहीर केलं की निकाल पहिल्या डावावर, मोखाड्याचा संघ विजयी. “आता दुसरा डाव त्यांच्या पद्धतीनं होऊ दे. नोंद नाही. बघू तरी.” माणसं टोपल्या सरकवून जवळ आली. बाई जायला निघाल्या होत्या, त्याही थांबल्या.

आणि हिरू आमच्यावर चालून आली. निळ्यांच्या बाजूनं, आमच्या गणवेशात. तिचा तो आवाज समोरून ऐकणं म्हणजे काय हे मला तोवर माहीत नव्हतं, मी नेहमी तिच्या मागं असायची. पहिल्या चढाईत तिनं आमच्या दोघींना बाद केलं, दुसरीत आणखी दोघींना. तिसऱ्या वेळी ती आली तेव्हा आम्ही दोघीच उरलो होतो. ती माझ्या जोडीदारणीकडं वळली, तिचा डावा पाय माझ्या बाजूला आला, आणि मी काही विचार न करता स्वतःला खाली झोकून दिलं आणि तो घोटा दोन्ही हातांनी धरला. ती पडली. ओढलं तिनं. माझी कोपरं सोलली, तोंडात माती गेली. मी डोळे मिटून धरून राहिले. कबड्डी, कबड्डी, कबड्डी, माझ्या कानाजवळ तो आवाज चालला होता, मोहाच्या झाडापर्यंत न तुटणारा आवाज, आणि मग तो तुटला. क्षणभर मला वाटलं मीच बहिरी झाले. मग मैदानानं जो काही गलका केला!

बाई सरांना म्हणाल्या ते मी जवळच उभी राहून ऐकलं. “खेळाडू म्हणाल तर अशी मी वीस वर्षांत पाहिली नाही. पण तिला घेऊ कशी, सर? उद्या नाशिकविरुद्ध खेळताना नाशिककडं जाऊन बसेल. मी वर काय उत्तर देऊ?” सर गयावया करत होते. बाई वाईट नव्हत्या, त्यांचे डोळे ओले होते. वही मिटता मिटता त्यांनी विचारलं, “तिला धरलं ती लहान मुलगी कोण?”

अशी मी ठाण्याला गेले. दिवाळीनंतर बा, आय आणि हिरू भट्टीवर गेले आणि मी पत्र्याची पेटी घेऊन कदम सरांबरोबर एसटीत बसले. निघताना हिरूनं माझ्या केसांना तेल लावलं आणि म्हणाली, “कबड्डी म्हणत जा, हुतूतू नको म्हणू.” खेळात मी फार पुढं गेले नाही, दोन वर्षांत बाहेर पडले, पण शाळा सुटली नाही. डी.एड. झाले, नोकरी लागली, घर झालं. हिरूनं विटा वाहिल्या, लग्न केलं, चार पोरं वाढवली. आणि या सगळ्या वर्षांत माझ्या मनात एकच गोष्ट सलत राहिली. तो दम तुटला की तिनं तोडला? बाकी कुणाला नसेल, पण मला माहीत होतं तिचा दम किती. तिला दिसलं होतं की आपली निवड गेली. मग निदान बहिणीची तरी व्हावी म्हणून तिनं माझ्या हातात पाय दिला, असंच मी धरून चालले. पहिल्या पगाराच्या दिवशीही तेच मनात होतं, निवृत्तीच्या सत्काराला शाल घेतानाही तेच. विचारायची हिंमत मात्र झाली नाही. काय उत्तर येईल ते माहीत आहे असं वाटायचं.

गेल्या महिन्यात तिच्याकडं गेले होते. पडवीत दोघी वाल सोलत बसलो होतो. तिच्या नातीनं मोबाईलवर कुठल्याशा स्पर्धा लावल्या होत्या, पोरी उंच उड्या मारत होत्या, आणि हिरू डोळे विस्फारून बघत होती. “सोने, अजून आपला खेळ नाय घेतला त्यांनी?”

मी सवयीनं सगळं सांगितलं. किती देश, किती खंड, एक नियम, मोजकी जागा. ती मन लावून ऐकत होती. रागावली नाहीच, उलट वालाची शेंग हातात तशीच धरून म्हणाली, “एवढी दुनिया, न सगळी एकच नियम पाळतात? भांडत नाय? बाय बाय बाय!” मग जरा वेळानं म्हणाली, “मंग आपल्याला कसं घेतील? आपण जिंकून दुसरीकडं जाऊन बसणार.” आणि ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

ती हसत होती म्हणून मला जमलं. मी विचारलं, “हिरू, खरं सांग. त्या दिवशी जव्हारला तू मला पाय धरू दिलास ना?”

हिरूचं हसू थांबलं. ती माझ्याकडं अशी बघायला लागली, जणू मी तिच्या घरातलं काही चोरलंय. “काय म्हणालीस?”

“तुझा दम मला माहीत होता ना. माझ्यासाठी सोडलास ना तू?”

“सोने, तुला लाज नाय वाटत?” तिचा आवाज चढला. नात मोबाईल बाजूला ठेवून बघायला लागली. “मी निळ्यांकडची होती तवा. त्यांची होती मी! त्यांना फसवीन मी? खेळताना कोणाला सोडली हाय कधी? मी लाथा मारल्या तुला, छातीत मारली एक, सुटायला बघत होती, तू घोरपडीगत चिकटलीस. दम संपला माझा. त्याच दिवशी संपला फक्त, आधी नाय न नंतर नाय. न तू एवढी वर्सं मनात म्हणत फिरलीस, का बहिणीनं दिलं म्हणून?”

वालाच्या शेंगांनी भरलेलं माझ्या मांडीवरचं सूप खाली कलंडलं.

“इकडं बघ,” ती म्हणाली. तिनं लुगडं वर घेतलं आणि डावा पाय माझ्यासमोर लांब केला. भेगाळलेली टाच, वाळलेला, शिरा उठलेला घोटा. “धर.”

“अगं, वेडी का तू, या वयात...”

“धर म्हणते ना!”

मी धरला, दोन्ही हातांनी. तिनं श्वास घेतला आणि पाय ओढला. जोर लावून, दात खाऊन, खरोखर ओढला. मी सोडला नाही.